दुपारचा पहारा

देवाशी मी अबोला धरला होता. भांडण म्हणावं असं काही झालं नव्हतं. रोज सकाळी देवघर पुसत होते, दिवा लावत होते, कुंडीतलं एखादं जास्वंद वाहत होते. नाव मात्र घेत नव्हते. असं दीड-दोन वर्षं चाललं होतं, आणि घरात कुणाला त्याचा पत्ताही नव्हता. मुलगा-सून सकाळी हिंजवडीच्या कॅबमध्ये बसून जायचे ते दिवेलागणीनंतर परतायचे. आई मनातल्या मनात म्हणत असेल, असंच त्यांना वाटत असणार.

माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली. कानाला हेडफोन आणि पलीकडे अनोळखी माणसं. आवाजावरून माणूस दमलाय की घाबरलाय, हे मला कळायचं. निवृत्त झाल्यावर आमच्या कोथरूडच्या सोसायटीतल्या भजनी मंडळात जाऊ लागले. पेटीचा सूर धरून पहिली ओळ उचलायचं काम माझ्याकडे आलं. गळा काही फार गोड नव्हता, पण सूर पक्का होता. त्या दिवसांत मला देवाकडे मागण्यासारखं काही उरलं नव्हतं. मग एका तापाचं निमित्त झालं. त्या दुखण्यातून उठले तेव्हा डावा कान पूर्ण गेला होता आणि उजव्यात अगदी थोडं उरलं होतं. डॉक्टरांनी उजव्या कानाला यंत्र दिलं. समोर बसून कुणी सावकाश बोललं तर त्यानं शब्द कळू लागले. सूर काही परत आला नाही. पेटी पत्र्यावर खडे ओतल्यासारखी वाजायची, आणि माझा स्वतःचा आवाज डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा वाटायचा. एका एकादशीला मी भजन म्हणत असताना शेजारी बसलेल्या बाईंनी हळूच माझ्या मनगटावर हात ठेवला. माझा सूर सुटला होता. तो त्यांना कळला, मला कळला नव्हता. त्यांनी फार प्रेमानं हात ठेवला होता, तरी त्यानंतर मी भजनाला गेले नाही.

ज्याचं नाव माझ्याच कानापर्यंत धड पोचत नाही, ते त्याच्यापर्यंत काय पोचणार, असं वाटायचं. ओढ मात्र तिळभर कमी झाली नव्हती. देवळावरून जाताना आत भजन चाललेलं असलं की पाय थांबायचे. टाळ धरलेले हात जवळ यायचे, लांब जायचे, माना डोलायच्या, ओठ हलायचे. मधला आवाज तेवढा कुणीतरी काढून घेतलेला. मी चपला न काढता बाहेरूनच बघायची आणि मान खाली घालून पुढे जायची. माहेरच्या घरासमोरून जावं आणि दार ठोठावता येऊ नये, तसं काहीसं ते होतं.

त्या काळात शेजारच्या शैलाताईंनी मला त्यांच्या अभ्यास मंडळात ओढून नेलं. आम्हा निवृत्त माणसांचंच ते मंडळ. आठवड्याला एक व्याख्यान आणि महिन्याला एक दिवसाची सहल, तीही नुसतं फिरण्याची नाही, काहीतरी शिकण्याची. कधी जुने शिलालेख, कधी किल्ल्यावरची पाण्याची टाकी, कधी पक्षी. शैलाताई माझ्या उजव्या बाजूला बसायच्या आणि वक्त्याचं एखादं वाक्य निसटलं तर माझ्याकडे तोंड करून ते पुन्हा म्हणायच्या. त्यांचे उपकार कसे फेडावेत मला कळत नाही. पक्ष्यांच्या सहलीला मार्गदर्शकांनी सगळ्यांना डोळे मिटून नुसतं ऐकायला सांगितलं. सगळ्यांनी डोळे मिटले. मी उघडे ठेवले आणि ऐकणाऱ्यांचे चेहरे बघत बसले. पंचाहत्तरीच्या एका गृहस्थांच्या चेहऱ्यावर असं काही हसू आलं होतं, की त्यांना काय ऐकू येत असेल या विचारानं मला घरी येईपर्यंत घास गिळवला नाही.

मी सांगणार आहे ती सहल थंडीतली. मुळशीच्या धरणापलीकडे एका वाडीच्या डोक्यावर वाघजाईची देवराई आहे, ती बघायला जायचं ठरलं होतं. आमच्या सुमतीबाई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या, त्याच सहलीच्या प्रमुख होत्या. भूगाव, पिरंगुट, पौड करत मिनीबस निघाली. पौडाच्या पुढे गर्दी मागे पडली, आणि वळणावळणावर धरणाचं पाणी दिसू लागलं. वाडीत पोचलो तेव्हा मारुतीच्या देवळापुढे मांडव घातलेला दिसला. गावात हरिनाम सप्ताह चालू होता. मांडवात वीणा गळ्यात घेऊन कुणीतरी उभं होतं आणि बाजूला चार बायका टाळ वाजवत होत्या. सप्ताहात वीणा रात्रंदिवस खाली ठेवत नाहीत, पाळीपाळीनं पहारा देतात, हे शैलाताई बसमधून उतरता उतरता मला सांगत होत्या. मी ऐकलं न ऐकलंसं केलं आणि मांडवाकडे पाठ करून बुटाच्या नाड्या बांधत बसले.

देवराईत शिरलो तसा ऊन-वारा बाहेरच राहिला. हिरडे, जांभळी, आंबे, आणि त्यांच्यावरून अजगरासारख्या पडलेल्या गारंबीच्या वेली. मधोमध शेंदूर लावलेली देवी, तिच्यावर छप्पर नाही. इथलं वाळलेलं पानसुद्धा कुणी घरी नेत नाही, असं सुमतीबाईंनी सांगितलं. मग त्या एकेका झाडाबद्दल बोलू लागल्या आणि मी मागे मागे राहू लागले. चालत चालत बोलणाऱ्या माणसाचं तोंड दिसत नाही, त्यामुळे माझ्या हाती काही लागत नाही. शैलाताई दोनदा वळून माझ्यासाठी थांबल्या. तिसऱ्या वेळी मीच त्यांना हातानं पुढे जायला सांगितलं. त्यांनाही ऐकायचं असणारच.

तेवढ्यात मला वर फांदीवर शेकरू दिसलं. तांबूस पाठ, झुपकेदार लांब शेपूट. ते या झाडावरून त्या झाडावर उडी टाकायचं, थांबायचं, पुन्हा उडी टाकायचं. त्याच्या मागोमाग मान वर करून मी किती गेले, कोण जाणे. ते पानांत नाहीसं झालं तेव्हा मी मान खाली केली. पायाखाली वाट नव्हती. कानातल्या यंत्राचा सेल संपलेला, तो कधी संपला तेही कळलं नव्हतं. जास्तीचे सेल बसमध्ये ठेवलेल्या पिशवीत होते आणि फोनला रेंज नव्हती. उजेड दिसत होता त्या बाजूनं चालत गेले आणि देवराईच्या बाहेर पडले, पण ती बाजूच निराळी. पुढे पिवळ्या गवताचा मोठा उतार, त्याखाली रान, आणि कुठे घर दिसेना.

मी शैलाताईंना हाका मारल्या. दोन-चार मारल्या आणि मग थांबले. हाक मारणं माझ्या हातात होतं, पण कुणी ओ दिली तर ती मला कळणार नव्हती. माणसं दहा पावलांवर झाडाआड उभी राहून माझं नाव घेत असतील आणि मी उलट्या दिशेला चालत सुटेन. ते ध्यानात आलं आणि मी चालायची थांबले. तिथेच एका दगडावर बसले. एवढं एकटं मला कधी वाटलं नव्हतं, अगदी यजमान गेले तेव्हाही नाही.

उन्हं कलू लागली होती. मला रडू आलं, आणि रडता रडता इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी त्याच्याशी बोलले. स्तोत्र नाही, नामस्मरण नाही. मी मोठ्यानं म्हणाले, "मला ऐकू येत नाही हे तुला ठाऊक आहे. तेव्हा हाका मारत बसू नकोस. समोर ये."

थोड्या वेळानं गवतातून एक काळं करडू उड्या मारत आलं आणि माझ्यापासून हातभर अंतरावर थबकून माझ्याकडे बघू लागलं. त्याच्यामागून एक बाई आली. नेसूचं लुगडं वर खोचलेलं, खांद्यावर घोंगडं, हातात काठी. ती धनगराची ठकूबाई. तिचं नाव मला नंतर कळलं. तिचे ओठ भराभर हलत होते. मी कानाला हात लावून मान हलवली. ती बोलायची थांबली, माझ्याकडे नीट पाहिलं, मग करडू काखेत मारलं आणि दुसऱ्या हातानं माझा हात धरला. पुढे सगळी उतरण तिनं तो हात सोडला नाही. फक्त मध्ये एका ओहोळावर दगड निसरडे होते, तिथे तिनं करडू खाली ठेवून मला दोन्ही हातांनी पार केलं आणि मग करडाला घेऊन आली. वरची शेरडं तिनं तशीच सोडली होती.

वाडीत आलो तर घरांना कड्या. मी सापडेना म्हटल्यावर आमच्या माणसांनी खाली येऊन सांगितलं होतं, आणि सप्ताहाला जमलेलं सगळं गाव, टाळकऱ्यांसकट, मला शोधायला रानात गेलं होतं. मांडवात एकच माणूस राहिलं होतं, वीणा घेतलेली म्हातारी. सरूबाई तिचं नाव. तिला जाता येत नव्हतं, कारण वीणा खाली ठेवता येत नाही. तिची पाळी केव्हाच संपली होती, पण जिनं पुढचा पहारा घ्यायचा तीही शोधायला गेलेली. ठकूबाईनं सरूबाईला काही सांगितलं, वरच्या रानाकडे हात केला आणि ती धावत गेली. शोधणाऱ्यांना मागे बोलवायचं होतं आणि शेरडंही उघड्यावर होती.

मी मांडवाच्या कडेला उभी राहिले. सरूबाई माझ्याकडे बघत होती. नाम घेत होती, बोट तारेवर फिरत होतं, पण गुडघे लटपटत होते. खांबाला टेकून ती कशीबशी उभी होती. मी जवळ गेले, तिला धरावं म्हणून. तिनं माझी गत ठकूबाईकडून ऐकली असावी, कारण तिनं माझ्या उजव्या कानाला तोंड लावलं आणि ओरडून म्हणाली, "माझं पाय आता न्हाई म्हनत्यात. येवढी वीणा घ्या."

तो ओरडा आत कुठेतरी पोचला, शब्दन् शब्द नाही, पण पोचला. मी म्हटलं, "मावशी, मला ऐकू येत नाही हो. सूर गेला तर मला कळायचासुद्धा नाही."

ती पुन्हा कानाशी आली. "तार लावल्याली हाय. तुमी ऐकू नका. निस्ती धरा."

मला विचार करायला वेळच नव्हता. मी बूट काढले, बाजूच्या घागरीतलं पाणी पायावर घेतलं. आधी तिच्या पायाला हात लावायला वाकले, तर तीही वीणेसकट माझ्यापुढे वाकायला लागली. मी तिला आवरलं. तिनं गळ्यातला पट्टा काढून माझ्या गळ्यात घातला, वीणेचा भोपळा माझ्या पोटाशी टेकवला, दांडी खांद्याला लावली, माझं बोट धरून तारेवर ठेवलं, आणि खांबाच्या पायथ्याशी बसून पाय लांब केले.

पहिल्यांदा तार छेडली तेव्हा काहीच झालं नाही. बोट नुसतं घसरलं होतं. दुसऱ्यांदा छेडली आणि भोपळा पोटाशी थरथरला. ती थरथर बरगड्यांत पसरली. दांडी खांद्याच्या हाडाला टेकली होती, तिथून ती मानेत चढली, जबड्यात आली, दातांपर्यंत आली. मला ऐकू आलं असं मी म्हणणार नाही. कान होते तसेच बंद होते. पण ज्याला मी दीड-दोन वर्षं देवळांच्या बाहेर उभी राहून कानांनी धुंडाळत होते, ते माझ्या पोटाशी येऊन बसलं होतं. मी 'रामकृष्णहरी' म्हटलं. घशातून निघालेली थरथर आणि भोपळ्यातून येणारी थरथर छातीत एकमेकींना भेटल्या. माझा आवाज तारेपासून हलला की आत खडखडायचं, बैलगाडीचं चाक दगडावरून गेल्यासारखं. तो जागेवर आला की सगळं सपाट, शांत होऊन वाहू लागायचं. मी सूर शोधत गेले आणि तो मला सापडत गेला. किती वेळ गेला याचं भान नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि एक हात वीणेला, एक तारेला, त्यामुळे ते पुसताही येत नव्हतं.

तेवढ्यात माणसं परतू लागली. पुढे शैलाताई, केस विस्कटलेले, साडीला कुसळं लागलेली. मांडवात मला अशी उभी पाहून त्या जागच्या जागी थांबल्या. त्यांना मला मिठी मारायची होती, रागवायचंही होतं, आणि मधे वीणा. शेवटी त्यांनी माझ्या दंडाला घट्ट धरलं आणि तशाच रडत उभ्या राहिल्या. मी नाम थांबवलं नाही. थांबवता येतच नव्हतं. हळूहळू टाळकरी येऊन आपापल्या जागी उभे राहिले, टाळ हलू लागले, आणि आता मला ते नुसते दिसत नव्हते. पायाखालची जमीनसुद्धा ठेका धरत होती. आमच्या सुमतीबाई फार वक्तशीर, बस अंधारायच्या आत निघाली पाहिजे म्हणणाऱ्या. त्या दिवशी त्या मांडवात मांडी घालून बसल्या आणि घड्याळाकडे त्यांनी पाहिलं नाही. जिची पाळी होती ती बाई हातपाय धुऊन आली, माझ्या पाया पडली, मी तिच्या पडले, आणि वीणा तिच्या गळ्यात गेली.

बसमध्ये बसायच्या आधी मी ठकूबाईला गाठलं. आता कानातल्या यंत्रात नवा सेल घातला होता. मी तिचे हात धरून आभार मानू लागले तर ती संकोचली. ती म्हणाली, "म्या काय केलं? त्या बाजूला मी कधी शेरडं न्हेत न्हाई. आज करडूच पळालं तिकडं. वरनं लई हाका मारल्या तुमास्नी, तुमी बघंनात. मग म्हनलं, खालीच जावं." एवढं बोलून ती शेरडांकडे निघून गेली. त्या दगडावर मी काय मागितलं होतं, हे मी तिला सांगितलं नाही. आजपर्यंत शैलाताईंखेरीज कुणालाच सांगितलं नव्हतं. करडू का पळालं असेल, याचा मी फार विचार करत नाही. करडं पळतातच. ते पळालं आणि माझ्यासमोर येऊन उभं राहिलं, एवढं मला पुरतं.

सप्ताहाच्या शेवटी, काल्याच्या दिवशी शैलाताई आणि मी एसटीनं पुन्हा त्या वाडीत गेलो. प्रसाद घेऊन परतावं एवढाच विचार होता. सरूबाईनं मला लांबूनच ओळखलं, हाताला धरून बसवलं आणि कानाशी येऊन म्हणाली, "फुडल्या साली दुपारचा पहारा तुमचा. मी सांगून ठिवलंय." त्यानंतर दर वर्षी थंडीत सप्ताहाचा निरोप येतो आणि मी जाते. मंडळातल्या आणखी दोघी येतात. एकीला गुडघ्यांचा त्रास आहे, ती बसून टाळ वाजवते. सरूबाई आता उभी राहू शकत नाही. माझ्या पायाशी बसून असते आणि मधूनच भोपळ्याला हात लावून बघते.

माझे कान सुधारलेले नाहीत, सुधारणारही नाहीत. पेटी अजून पत्र्यासारखीच वाजते. देवळावरून जाताना अजून पोटात तुटतं, आणि आता वाटतं, ते तुटलं पाहिजे. ती ओढ त्यानंच ठेवली आहे, ती गेली तर मी कशाच्या जोरावर चालणार? फरक एवढाच, की आता मी बाहेर उभी राहत नाही. चपला काढते आणि आत जाते, जिथे खांबाला, पेटीला, कुणाच्या टाळाला हात टेकवता येईल तिथे जाऊन बसते. पूर्वी मी त्याच्याकडे कान मागत होते. आता काही मागायचं झालंच तर एवढंच मागते, की पुढच्या वर्षी दुपारी, सरूबाईनं राखून ठेवलेल्या वेळी, माझे पाय तिथे असू देत. सूर लावणं त्याच्याकडे आहे. मी नुसती धरेन.